किराणा दुकानातला फ्रीज कोणाचा?

(चिखला, तालुका तुमसर येथील दूध उत्पादक गटाच्या वतीने जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत धानाचा भाव आहे, बोनस आहे, कृषिपंपाची वीज आहे. या मोठ्या विषयांच्या रांगेत 'किराणा दुकानातला फ्रीज' असा आमचा विषय वाचून काहींना हसू आले असेल. हसा. पण चहाच्या वेळी एवढेच आठवून पाहा की तुमच्या गावच्या दुकानात काचेच्या दाराचा जो उभा फ्रीज आहे, त्यात तुमच्या गावचा माल कोणता आहे? आम्हीही हा प्रश्न बरीच वर्षे स्वतःला विचारला नव्हता.

आम्ही चिखल्याचे. गोबरवाहीजवळचे, मँगनीजच्या खाणीचे गाव. जिल्ह्याबाहेर चिखला म्हटले की मॉयलची खाण आठवते, शेतकरी कोणाला आठवत नाही. आम्हाला त्याचा राग नाही. खाणीमुळे आमच्याकडे एक गोष्ट आहे, जी धानाच्या पट्ट्यातल्या बहुतेक गावांना मिळत नाही. ती म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार होणारे गिऱ्हाईक. पाळी संपवून माणूस घरी निघाला की वाटेत दुकानावर थांबतो. दूध घेतो, दही घेतो, पाहुणे असले तर पनीर घेतो. रोख घेतो.

आमच्या गटात अकरा घरे आहेत. कोणाकडे दोन म्हशी, कोणाकडे एक म्हैस आणि एक गाय. सकाळचे दूध संकलनाला जाते. संध्याकाळचे बरेचदा घरीच राहते, त्याचे दही लागते, थोडे पनीर होते. थंडीत ते खपते. मार्च सरला, ऊन चढले, की सकाळचे गोड दही दुपारी आंबट आणि संध्याकाळी म्हशीच्या आंबोणात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. आणि त्याच वेळी, आमच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दुकानात शेकडो मैलांवरून आलेले दह्याचे डबे थंडगार उभे असतात आणि विकले जातात. ते दही आमच्यापेक्षा चांगले असते म्हणून नव्हे. त्याला काचेच्या आत जागा आहे आणि आमच्या दह्याला नाही, एवढ्याच कारणाने.

आम्ही दुकानदाराकडे गेलो. म्हटले, भाऊ, आमचे दहा डबे ठेव, विकले तर पैसे दे, नाही तर परत घेऊन जाऊ. तो म्हणाला, "फ्रीज माझा कुठं आहे? जागा माझी, लाइनचं बिल माझं, फ्रीज कंपनीचा." त्याने कागद दाखवला. फ्रीज वापरायला दिलेला, त्यात कंपनीच्याच वस्तू ठेवायच्या, दुसरे काही आढळले तर फ्रीज परत. कंपनीचा माणूस आठवड्याला येतो, दार उघडतो, फोनवर फोटो काढून नेतो. शेजारची आइस्क्रीमची पेटी दुसऱ्या कंपनीची, तिचीही अट तीच. आता तर काही फ्रीजमध्ये यंत्रच बसवलेले असते. दार किती वेळा उघडले, आत किती अंश आहेत, हे कंपनीला शहरात बसून कळते. ज्याच्या दुकानात तो उभा आहे त्याला मात्र कळत नाही.

दुकानदार आमचा वैरी नाही. अडीनडीला आमची उधारी त्यानेच सांभाळली आहे. कंपनीलाही आम्ही शिव्या देणार नाही. पैसा तिचा, वस्तू तिची, अट तिची. बाजार मोकळा असावा असे आपण म्हणतो, तेव्हा तिलाही अट घालायचा हक्क आहे. पण 'फुकट फ्रीज' हा शब्द आम्ही मान्य करत नाही. फ्रीजची किंमत बाटलीच्या आणि डब्याच्या भावात बसवलेली असते, ती गिऱ्हाईक देतो. विजेचे बिल दुकानदार देतो. आणि जागा जाते आमच्या मालाची.

हा प्रश्न चिखल्यात जन्मला नाही. आयर्लंड नावाच्या दुधाच्याच देशात त्यावरून सोळा-सतरा वर्षे भांडण चालले. तिथे युनिलिव्हरची एचबी नावाची आइस्क्रीम कंपनी दुकानदारांना पेटी देई, दुरुस्तीही स्वतः करी, आणि अट एकच: पेटीत आमचेच आइस्क्रीम. १९८९ साली मार्स कंपनी तिथे आइस्क्रीम घेऊन उतरली. दुकान लहान, दुसरी पेटी ठेवायला जागा नाही. दुकानदारांनी मार्सचा माल एचबीच्या पेटीत घातला. एचबीने हरकत घेतली. आयर्लंडच्या कोर्टात १९९२ साली एचबी जिंकली. पण युरोपीय आयोगाने १९९८ च्या मार्चमध्ये उलटा निर्णय दिला, तो २००३ साली युरोपच्या कोर्टाने उचलून धरला आणि २००६ साली शेवटचे अपीलही फेटाळले गेले. आयोगाने पाहिले ते असे की सुमारे ४० टक्के दुकानांत फक्त एचबीच्याच पेट्या होत्या, म्हणजे तेवढी दुकाने इतर सर्वांना बंद. आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटली. सुरुवातीची काही वर्षे पेटी घेणारा आणि न घेणारा, दोघांनाही आइस्क्रीमचा भाव एकच होता. म्हणजे ज्याने स्वतःची पेटी विकत घेतली तोही कंपनीच्या पेटीचे पैसे भरतच होता. मग स्वतःची पेटी घेईल कोण?

लक्षात घ्या, हे भांडण दोन हत्तींचे होते. मार्सकडे वकील होते, सतरा वर्षे थांबण्याची ताकद होती. आमच्याकडे दह्याचे दहा डबे. आम्ही कोर्टात जाणार नव्हतो. आम्ही ठरवले, काचेचे दार आपले स्वतःचे करायचे.

माल टिकवण्याची युक्ती सापडली म्हणून माल विकला जात नाही, हे अमेरिकेतही लोकांना ठेच लागूनच कळले. क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी मासे, मटण, वाटाणा झटपट गोठवण्याची रीत बसवली आणि मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात १८ दुकानांतून तो माल विकायला ठेवला. माल चांगला होता, लोकांना आवडला. तरी धंदा काही वर्षे रखडला. कारण माल ठेवायची पेटी इतकी महाग की साध्या दुकानदाराला परवडेना. १९३४ च्या सुमारास स्वस्त पेट्या तयार करून महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. आपल्याकडे गावोगाव दूध थंड करण्याच्या टाक्या आल्या, टँकर आले, शहरात शीतगृहे आली. दुकानातल्या शेवटच्या दोन हातांची व्यवस्था मात्र दुसऱ्याच्या हातात राहिली.

आता आमच्या फजितीची कथा ऐका. पुढे जे गट हे काम करणार आहेत त्यांच्यासाठी आमच्या यशापेक्षा हीच जास्त कामाची आहे.

एका बंद पडलेल्या दुकानातला काचेच्या दाराचा जुना फ्रीज आम्ही वर्गणी काढून घेतला. टेम्पोत उभा मावेना म्हणून आडवा केला. गावात पोहोचताच नारळ फोडला आणि बटण दाबले. तीन दिवसांत कॉम्प्रेसर घरघरायला लागला. मेकॅनिकने कपाळावर हात मारला. कॉम्प्रेसरमध्ये तेल असते. फ्रीज आडवा केला की ते नळ्यांत पसरते. उभा केल्यावर ते परत जागेवर यायला वेळ लागतो. आडवा आणलेला फ्रीज एक दिवस तसाच उभा ठेवून मगच सुरू करायचा, आणि शक्यतो आडवा आणायचाच नाही. हे शहाणपण आम्हाला दुरुस्तीच्या बिलासकट मिळाले.

दुसरी चूक जागेची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून फ्रीज दारातच ठेवला, पश्चिमेला तोंड करून. दुपारी तीननंतर ऊन सरळ काचेवर. काचेतून ऊन आत जाते आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. आमच्या फ्रीजचे आम्ही तापवणारे कपाट करून ठेवले होते. वर त्याची पाठ भिंतीला टेकलेली आणि बाजूला तांदळाची पोती रचलेली.

इथे थोडे यंत्र समजून घ्यावे लागते. फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर फेकतो. बाहेर ४५ अंश असेल तर ती जाळी त्याहून गरम झाल्याशिवाय उष्णता बाहेर जाऊच शकत नाही. जाळीला हवा मिळाली नाही, तर कॉम्प्रेसर रात्रंदिवस धापा टाकतो, बिल वाढते आणि आत थंडावा येत नाही. म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर, वर मोकळी जागा, बाजूला पोती नाहीत. किराणा दुकानात तिखट, कणिक, पोह्यांचा भुसा सतत उडत असतो, त्यात आमच्याकडे खाणीच्या ट्रकांची काळी धूळ. महिनाभरात जाळीवर गोधडी चढते. पंधरा दिवसांनी पिन काढून ब्रशने ती साफ करायची, हे काम आता आमच्याकडे पाळीने चालते. दाराच्या रबरात कागदाचा तुकडा अडकवून ओढून पाहायचा. सहज निघाला तर रबर गेले समजा.

विकत घेताना पाटी वाचा. पुष्कळ फ्रीजवर एक इंग्रजी अक्षर असते. 'एन' असेल तर तो ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, 'एसटी' असेल तर ३८ पर्यंत, 'टी' असेल तर ४३ पर्यंत. दुकानांसाठीचे जे काचेचे कपाट युरोपच्या मोजमापाने तिसऱ्या वर्गात बसते, ते २५ अंशांच्या हवेत तपासलेले असते. म्हणजे तिथल्या वातानुकूलित दुकानात ते राजा, आणि आपल्याकडच्या टिनाच्या छपराखाली पाहुणा. नागपूरच्या मॉलमधली उघडी, बिनदाराची कपाटे पाहून भुलू नका. तिथे सगळे दुकानच थंड असते आणि त्याचेही बिल कोणीतरी भरतच असते.

फ्रीज आतल्या भिंतीला सावलीत हलवला. वेगळी वायर, अर्थिंग, पॉवर प्लग, स्टॅबिलायझर, सगळे केले. काम सुधारले. तरी दही आंबायचे थांबेना. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा गिऱ्हाईक परत आणून देई. खाणीच्या वसाहतीत बोलवा झाली की गावचे दही आंबट असते, कंपनीचे घ्या. भावांनो, ही बोलवा आम्हाला दुरुस्तीच्या बिलापेक्षा महाग पडली. दह्याचा डबा परत आला तर तीस-चाळीस रुपये जातात, नाव गेले तर गिऱ्हाईक जाते.

दोष कुठे आहे ते आमच्या घरच्या बायांनी ओळखले. आम्ही पुरुष मंडळी कॉम्प्रेसरला कान लावून बसलो होतो. त्यांनी परत आलेले डबे पाहिले आणि विचारले, हे कोणत्या फळीवरचे? बहुतेक वरच्या फळीवरचे निघाले. आणि सगळे सकाळी विकलेले, दुपारनंतर विकलेला एकही नाही. फ्रीज चालू असेल तर आतला पंखा हवा फिरवतो, सगळ्या फळ्या जवळपास सारख्या थंड राहतात. बंद असेल तर गरम हवा वर चढते आणि आधी वरची फळी बिघडते. म्हणजे फ्रीज रात्री बंद असतो!

पाण्याचा पेला आत ठेवून त्यात तापमापक बुडवला. हवेचे तापमान दार उघडताच पळते, पाण्याचे पळत नाही, म्हणून मालाचे खरे तापमान पेल्यातच कळते. रात्री दुकान बंद होताना ५ अंश. सकाळी सहाला १४.

दुकानदाराला विचारले. त्याने लपवले नाही. "रात्री कोण घेतं भाऊ? दुकान बंद की फ्रीज बंद. वर्षानुवर्षं असंच करतो."

त्याचे म्हणणे नीट ऐका, कारण सगळी गोम त्यात आहे. आपल्या गावच्या दुकानांत फ्रीज आला तो कोल्ड्रिंकच्या बाटलीबरोबर. बाटली रात्री गरम झाली तरी बिघडत नाही. सकाळी बटण दाबा, अकरापर्यंत पुन्हा गार. दुकानदाराची सगळी सवय त्या बाटलीने घडवली. दूध आणि दही तसे नाही. त्यांच्यातले जंतू थंडीत मरत नाहीत, फक्त सुस्तावतात. पाच अंशांवर ते झोपतात, चौदा-पंधरा अंशांवर उठून कामाला लागतात, आणि सकाळी पुन्हा थंड केले तरी रात्रीचे काम उलटत नाही. दार तेच, थंडावाही तोच, पण एका मालाला तो हौस आहे आणि दुसऱ्याला प्राण.

मग बिलाचा हिशेब मांडला. आम्ही फ्रीजला वेगळे सबमीटर लावले आणि दोन्ही प्रकारे मोजले. रात्र थंड असते, दार उघडत नाही, म्हणून रात्रीच फ्रीज सगळ्यात कमी वीज खातो. नऊ तास बंद ठेवून वाचले साधारण एक युनिट. सकाळी तापलेला माल पुन्हा खाली आणायला त्यातले निम्मे परत गेले. दुकानाचा दर युनिटला दहा-बारा रुपये धरा. म्हणजे रात्री बटण बंद करून रोज पाच-सहा रुपये वाचत होते आणि त्यासाठी आमचे शंभर-दोनशे रुपयांचे दही जात होते. पण भावांनो, पाच-सहा रुपये दुकानदाराचे वाचत होते आणि दही आमचे जात होते. त्याच्या बाजूने त्याचा हिशेब बरोबरच होता. शेतकऱ्याला उत्पादनखर्चाचा हिशेब मांडायला आपण शिकवतो, मग दुकानदाराने मांडला तर त्याच्यावर चिडून कसे चालेल?

म्हणून त्याला उपदेश न करता हिशेबच बदलला. दोन बैठका झाल्या, एकीत आवाजही चढले. शेवटी एका पानावर लिहून घेतले. सबमीटरचे बिल आमचा गट भरेल. वरची फळी दुकानदाराची, त्यात तो स्वतःच्या पाण्याच्या बाटल्या किंवा जे हवे ते ठेवेल, तिचे भाडे नाही. मधल्या आणि खालच्या फळ्या आमच्या, विक्रीवर त्याला ठरलेला हिस्सा. पेल्यातले तापमान सकाळी आणि रात्री वहीत लिहायचे. ५ अंशांच्या आसपास असताना माल उरला किंवा बिघडला तर नुकसान आमचे. बटण बंद करून बिघडला तर त्याचे. बटणावर लाल पट्टी चिकटवली. हिशेब दर शनिवारी, रोख.

त्यानंतर परत येणारे डबे एकदम थांबले असे म्हणणार नाही, पण कमी झाले, आणि आले तर कारण कळू लागले. वरची फळी त्याला दिली हा सगळ्यात शहाणपणाचा भाग ठरला. आता फ्रीज बिघडला तर त्याचेही नुकसान होते.

लाइन जाते तेव्हा काय, हा प्रश्न येणारच. वादळात तार तुटली की गावठाण फीडर काही तास गप्प. जनरेटर आम्हाला परवडत नाही. बर्फ परवडतो. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता पितो, म्हणजे चार लिटर पाण्याला २० अंशांनी थंड करण्याएवढी. एका घरच्या फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवतो. लाइन गेली की चार बाटल्या आत, वरच्या फळीवर, कारण थंड हवा खाली उतरते. दार बंद, विक्री बंद. तासाभरात लाइन आली तर काही होत नाही. दोन तासांच्या वर गेले की पनीर विकायचे नाही, अशी आम्ही रेघ ओढली आहे. दह्याचे ताक होते, कढी होते. गेल्या पावसाळ्यात अकरा घरांनी इतकी कढी खाल्ली की पोरे कढीचे नाव काढू देत नाहीत.

कायद्याचे एक. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आपल्यालाही लागू आहे. नोंदणी करा, डब्यावर तारीख टाका, दूध नीट तापवा. दूध ६३ अंशांवर अर्धा तास धरले की पाश्चरायझेशन होते, त्याला पातेले आणि तापमापक पुरतो. बाजारात आता वनस्पती तेलापासून केलेले पनीरसारखे पदार्थ मिळतात, त्यांना 'अ‍ॅनालॉग' म्हणतात. ते आपल्या पनीरपेक्षा स्वस्त असतात. गिऱ्हाईकाला दोन्हींतला फरक आपण समजावून सांगू शकतो, पण तेव्हाच, जेव्हा आपले पनीर त्याच्या डोळ्यांसमोर असेल.

धिवर समाजातल्या काही भावांनी विचारले, मामा तलावातली मासळी तुमच्या फ्रीजमध्ये ठेवता येईल का? आंध्रातली मासळी बर्फाच्या पेटीत भरून आपल्या बाजारात येते आणि आपल्या तलावातली दुपारपर्यंत मातीमोल होते, हे दुःख आमच्यासारखेच आहे. तरी आम्हाला नाही म्हणावे लागले. कच्ची मासळी शून्य अंशाजवळ, बर्फातच पाहिजे, वितळलेले पाणी निघून जायला वाट पाहिजे, आणि दह्याच्या शेजारी ती चालणार नाही. तिला वेगळी पेटी लागेल. तिचा हिशेब मांडायला त्यांच्याबरोबर बसायची आमची तयारी आहे.

अनुदानाबद्दल विचारणारे आहेत. योजना असतील, मिळाले तर घ्या. आम्ही वाट पाहिली नाही. दोन वर्षे फायलीच्या मागे फिरून नवा फ्रीज आणण्यापेक्षा जुना फ्रीज आणून दोन वर्षांत धंदा शिकणे आम्हाला बरे वाटले. शिवाय फ्रीज विकत घेणे हा खर्चाचा लहान भाग आहे. रोजचे बिल, रोजची वही आणि शनिवारचा हिशेब, याला कोणी अनुदान देत नाही.

सगळे गोड झाले असे समजू नका. मागच्या महिन्यात कंपनीचा माणूस आमच्या दुकानदाराकडे आला होता. आधीच्यापेक्षा मोठा, दोन दारांचा नवा फ्रीज देतो म्हणाला, वर दुकानाला पाटीही रंगवून देतो. अट एकच. दुकानात जागा तेवढीच आहे. नवा आला तर आमचा जुना बाहेर जाईल. दुकानदाराने आम्हाला बोलावून हे सांगितले, हा त्याचा मोठेपणा. त्याने स्पष्ट विचारले, "तुमच्या मालावर मला वर्षभरात किती सुटतात आणि त्यांच्या मालावर किती, लिहून दाखवा. मग मी ठरवतो."

आम्ही वही घेऊन बसलो आहोत. उन्हाळ्यात त्यांचे पारडे जड आहे, बाटल्या खूप खपतात. बाकीच्या आठ महिन्यांत आमचे जड आहे. आमच्याकडे पनीर पुरेसे नाही, सणाच्या आणि लग्नाच्या दिवसांत मागणी असून आम्ही ती पुरी करू शकलो नाही, हे वहीतच दिसते. गोबरवाही आणि नाकाडोंगरी भागातल्या दूध उत्पादकांनी आमच्याबरोबर माल घातला तर हिशेब फिरतो. त्या गावांतले जे कोणी आज इथे आले आहेत, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या मागच्या बाजूला थांबावे. वही बरोबर आणली आहे. कंपनीचा माणूस येत्या सोमवारी उत्तर घ्यायला येणार आहे.